सोन्याची कढई आणि एका घासाची परीक्षा

एका राज्यात कोणी कोणाच्या हातचं खात नसे. शेजारीण शेजारणीला कालवणाची वाटी देत नसे. दिलीच, तर ती उकिरड्यावर जाई. सासू सुनेच्या बोटांकडे बघत बसे, सून सासूच्या पदराच्या गाठीकडे. लेकरूसुद्धा आईच्या मांडीवर बसून म्हणे, "आधी तू खा."

ही रीत लागली राजापासून. राजा दुर्जयाचा बाप भरल्या पंगतीत, तोंडात घास असताना गेला. कोणी म्हणालं, म्हातारा माणूस, ठसका लागला. कोणी म्हणालं, विष. राजानं विषच खरं मानलं आणि मनात घट्ट बसवलं.

तेव्हापासून घासपरीक्षा सुरू झाली. ताट आलं की चाखणारा पुढे होई, एक घास घेई. मग जपमाळेचा एक फेरा पुरा होईस्तोवर सारे त्याच्या तोंडाकडे बघत. तो उभा राहिला तर अन्न शुद्ध. पडला तर आचारी सुळावर. शिवाय राजाच्या पाटाशेजारी चांदीच्या दांडीवर एक चकोर बसे. विषारी अन्न दिसलं की चकोराचे डोळे लाल होतात. हा चकोर बोलतही असे, पण विचारलं तेवढंच.

अशा त्या राज्यात रसाळनाथ नावाचा मांत्रिक आला. अंगानं तरतरीत, गालावर लाली, वय ओळखू येऊ नये असा. बैलगाडीवर त्यानं एक सोन्याची कढई आणली होती. तिच्याखाली निळी ज्योत जळत होती आणि सरपण कुठेच नव्हतं.

नाथ म्हणाला, "महाराज, हिला आचारी लागत नाही. पीठ हीच मळते, हीच तळते, पानात बांधून पुडाही हीच करते. माणसाचा हात कुठे लागतच नाही. हात नाही तिथे विष येणार कुठून?"

राजाला हे बोलणं गोड लागलं. चाखणाऱ्यानं घास घेतला. माळेचा फेरा झाला. तो उभाच होता, वर दुसरा पुडा मागत होता. चकोरानं पाहिलं, डोळे पांढरेच राहिले. राजा म्हणाला, "शुद्ध."

दवंडी पिटली. चुली विझवा. आजपासून राजमुद्रेचा पुडा घरोघर येईल, तेवढाच खावा.

काय असे पुड्यात? तेलात फुगलेलं, पाकात बुडवलेलं, मिठात घोळलेलं. जिभेवर ठेवलं की विरघळे, दाताला काम नाही. एक संपला की हात दुसऱ्याकडे जाई, दुसरा संपला की तिसऱ्याकडे. बायकांनी जाती भिंतीला टेकवून ठेवली आणि कोणी कुरकुर केली नाही. धुरात डोळे चोळत बसायची हौस कोणाला असते? खोटं कशाला बोला.

काही वर्षं गेली. मग शिपाई घोड्यावर चढेनात. विणकरांना ताण्यातला धागा दिसेना. लग्नाच्या वयाच्या पोरी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहू लागल्या. लेकरांचे दात उगवतानाच काळे. साधं खरचटलं तरी जखम भरेना, वाहतच राही. चाळिशीच्या आतली माणसं छाती धरून खाली बसत, ती उठत नसत.

"विष," राजा म्हणाला. "कोणीतरी विष घालतंय."

मग विहिरींवर पहारे बसले. दूधवाल्यांना वेशीबाहेर काढलं. एका गल्लीनं दुसऱ्या गल्लीकडे बघणं सोडलं. नदीवर संशय, वाऱ्यावर संशय, पाहुण्यावर तर पहिला संशय. एका सुनेला तिच्या घरानं हाकललं, कारण घरात ती एकटीच धडधाकट होती. चोरून शेंगा भाजून खायची बिचारी. आणि जसजशी माणसं पडू लागली, तसतसा राजा जास्त पुडे धाडू लागला. तेवढीच एक गोष्ट त्यानं पारखून घेतली होती ना.

राजाला एकच लेक, शेवंता. अंगानं फुगलेली, जिवानं वाळलेली. तिच्या पायात काटा मोडला, तो निघाला, पण जखम राहिली. ती काळी पडत वर सरकू लागली. डोळ्यांपुढे धुकं आलं. राजवैद्य मान खाली घालून म्हणाला, "पौर्णिमेला पाय कापावा लागेल. नाहीतर मूल हाती लागणार नाही."

त्याच सुमारास चकोरानं तोंड उघडलं. राजानं विचारलं होतं, शेवंतेला पुड्याखेरीज कोणी काही चारलं का? चकोर म्हणाला, "राणीनं. आपल्या हातानं. भाकरीचा तुकडा."

राणी निंबावती त्याच घटकेला कोठडीत गेली. पौर्णिमेला लेकीचा पाय तुटणार आणि आई सुळावर चढणार, असं ठरलं.

आता राजाची थोरली बहीण म्हाळसाआक्का. विधवा, करारी, जिभेची तिखट. भावजयीवर तिचा विश्वास लग्नाच्या मांडवापासून नव्हता. पण ती राजापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "दुर्जया, सूळ देतोयस तर दे. पण विष कुठाय? कुठलं, कुठून आणलं, उतारा काय, हे कळल्याशिवाय तिला मारलीस तर पोरीला वाचवशील कशानं?"

राजा म्हणाला, "शोध तूच घे. पौर्णिमेच्या सकाळपर्यंत."

"घेते. तुझ्या बायकोनंच घातलंय, ते पुराव्यानिशी आणते."

पहिल्यांदा तिनं चकोराला धरलं. पाखरू इतकं माजलेलं की दांडी वाकली होती.

"खरं बोल. तुझे डोळे शेवटचे लाल कधी झाले?"

"आठवत नाही, आक्कासाहेब."

"तुला चारतो कोण?"

"नाथमहाराज. पुड्यातला चुरा."

आक्काच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे ज्याची पारख करायची, त्याच्याच हातचं तू खातोस."

"मला एका घासाचं विचारलं होतं. एका घासानं माणूस मरतो का? मरत नाही. मी खोटं बोललो नाही. रोजच्या रोज खाल्लं तर काय, हे मला कोणी विचारलं नाही."

"मी विचारते."

"आता मला दिसत नाही. डोळ्यांवर साय धरलीय. ती सरायला घास लागेल तीन गोष्टींचा. कढईची झळ न लागलेला विस्तव. राजमुद्रा न लागलेला दाणा. आणि तिसरा, हात. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त संशय, त्याच्या हातचा घास. तो तुम्ही आधी खायचा. वास घ्यायचा नाही, फेरा मोजायचा नाही, कोणाला चाखायला लावायचं नाही. उरलेला अर्धा मला."

"तू आणि माझी भावजय मिळालेले तर नाही ना?"

चकोरानं चोच पंखात खुपसली. आक्कानं त्याला टोपलीत घातलं, पुड्यांचं गाठोडं पाठीला मारलं आणि निघाली.

चोरून कुठे चूल पेटे, तीही कढईच्या ज्योतीवरच. तिची झळ न लागलेला विस्तव उरला होता तो एकट्या आग्या वेताळापाशी, मसणाच्या टेकडीवर. टेकडी काही मोठी नाही. पूर्वी गुराखी तिच्यावर शिवाशिवी खेळत. आक्का थोडी चढली आणि बसली. तिला वाटलं, वहाणा जड केल्यात, चांभारानं मुद्दाम. वहाणा फेकल्या. पुन्हा चढली, पुन्हा बसली. पाण्याच्या मशकीत कोणी काही टाकलंय, असं वाटून मशक ओतून दिली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा तिनं टेकडीवरच संशय घेतला, की हिला मंत्रानं उंच केलीय. तेवढ्यात गाठोडं सुटून पुडे घरंगळत दरीत गेले. खाली कावळे उतरले. त्यांनी पुडे चोचीनं उलटेपालटे केले आणि तसेच टाकून उडाले.

आक्का ते बघत राहिली. मग हाताखाली दगड धरत, रांगत वर गेली.

आग्या वेताळ डोक्यावर जाळ घेऊन बसला होता.

"कोण?"

"राजाची बहीण. विस्तव हवा."

"राजा का नाही आला?"

"त्याला चढवत नाही."

"तुला तरी कुठे चढवलं." वेताळानं तिच्या सोललेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "बाई, पूर्वी माझ्याकडे पिकली पानं यायची. काठी टेकत, नातवंडं बघून. आता कोवळी येतात. आणि खालची माणसं मला शिव्या देतात, की वेताळानं ओढून नेलं. मी कोणाला बोलावणं धाडलेलं नाही. तुम्हीच पाठवता."

त्यानं डोक्यावरचा एक निखारा खापरात काढून दिला. "फुंकर तुझ्या छातीची घालायची. विझला तर परत वर ये."

आक्का फुंकत निघाली. चार पावलं, एक फुंकर. आधी छाती भात्यासारखी कण्हली. वाटेत पुडे नव्हते. उंबरं होती, करवंदं होती, ओढ्याचं पाणी होतं. तेच पोटात घालत ती माळावर पोचली, तोवर फुंकर दमदार झाली होती. निखारा लाल होता.

माळावर मुंग्यांचं वारूळ, शेजारी कोणीतरी टाकून दिलेलं जातं आणि सूप. राज्यातली शेतं पडीक पडली तेव्हा सांडलेली नाचणी मुंग्यांनी आत साठवून ठेवली होती. मुंग्यांची राणी दाराशी आली.

"दाणा देऊ. पण इथेच, या जात्यावर दळायचा. सुपातलं संपेपर्यंत हात थांबवायचा नाही."

"दळणानं काय होणार आहे?"

"पीठ."

आक्का खाली बसली, खुंटा धरला, दळू लागली. घाम कपाळावरून हनुवटीला आला. दंड भरून आले. आणि मध्येच पोटात काहीतरी टोचलं. पहिल्यांदा हळू, मग जोरात. आतडी पिळवटली. आक्का जात्यावरून उठणार होती, पण अट आठवली, खुंटा न सोडता ओरडली, "घातलंत ना मला? काय घातलंत, बोला."

मुंग्यांनी एकमेकींकडे पाहिलं. "आम्ही काही घातलं नाही."

"पोटात आग पडलीय. अंग थरथरतंय."

"बाई," मुंग्यांची राणी म्हणाली, "ती भूक आहे."

कढई आल्यापासून भूक आक्काला भेटलीच नव्हती. तोंडाला सारखं हवं असे. पोटाला कोणी विचारत नसे. आता ती आत हक्कानं उभी होती आणि आक्का तिला विष समजत होती. तिनं सुपातलं संपवलं, पीठ पदरात बांधलं आणि राजवाड्याकडे वळली.

पौर्णिमेची पहाट सरून उजाडत होतं. कोठडीत राणी निंबावती भिंतीला टेकून बसली होती.

"वन्सं, तुम्ही? सूळ आधीच रोवला का?"

"भाकरी थाप."

"कोणाला?"

"मला."

राणी हसली. "या घरात आल्यापासून माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीत तुम्ही. माझ्या सासऱ्यांच्या तेराव्यालासुद्धा घागर वेगळी ठेवली होती."

"आताही घेतलं नसतं. अट आहे."

"आणि मी खरंच विष घातलं तर? मला आज मरायचंच आहे. जाताना तुम्हाला सोबत नेलं तर कोण काय करणार?"

"घालणार आहेस का?"

"नाही म्हटलं तर पटेल?"

"नाही."

"मग विचारता कशाला," राणी म्हणाली आणि पीठ मळायला घेतलं.

कोठडीच्या कोपऱ्यात निखारा मांडला, वाळक्या काटक्या लावल्या, खापर तापवलं. राणीनं भाकरी थापली, पाणी फिरवलं, उलटली. ती फुगली. आक्काची नजर राणीच्या नखांवर होती, बांगड्यांवर होती, पदराच्या टोकावर होती. वर्षानुवर्षांची सवय, ती एका सकाळीत कशी जाणार. भाकरी पुढे आली. आक्काचं नाक आपोआप खाली वळलं. तिनं मान ताठ केली. तुकडा मोडला. शेवंतेचा पाय तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिनं घास तोंडात टाकला.

चावावा लागला. करपलेली कड, भाजल्या पिठाची चव, राखेचा कण. तिनं गिळला आणि दुसरा मोडला, मग तिसरा. अर्धी संपली तरी हात पुढेच जात होता. चकोरानं बोटावर चोच मारली.

"तो अर्धा माझा."

चकोरानं खाल्लं. त्याच्या डोळ्यांवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखी साय गळून पडली. त्यानं भाकरीकडे पाहिलं, डोळे पांढरे. राणीकडे पाहिलं, पांढरे. दाराशी पहारेकऱ्यानं न्याहारीचा पुडा सोडला. चकोराचे डोळे गुंजेसारखे लाल झाले.

आक्कानं चकोराला परत टोपलीत ठेवलं. मग म्हणाली, "निंबे, ऊठ. पोरीकडे चल."

पहारेकरी आडवा आला. आक्कानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो बाजूला झाला.

दरबारात शेवंतेला पालखीत आणून ठेवलं होतं. राजवैद्यानं करवत कापडावर मांडली होती. सिंहासनाला तीन पायऱ्या. राजाला दोन माणसांनी धरून वर बसवलं होतं. बाजूला कढई, खाली निळी ज्योत, शेजारी रसाळनाथ, गालावर तीच लाली.

राजा म्हणाला, "आक्का, विष सापडलं?"

"सापडलं. तुझ्या हातात आहे."

राजाच्या हातात पुडा होता. चकोरानं टोपलीतून मान काढली. साऱ्या दरबारानं लाल डोळे पाहिले.

रसाळनाथ हसला. "पाखरू म्हातारं झालं, महाराज. परीक्षा घ्या. एक घास कोणालाही द्या."

"एका घासाचं कोणी म्हणत नाही," आक्का म्हणाली. "पाखरा, सांग. हिच्याखाली काय जळतं?"

चकोर म्हणाला, "खाणाऱ्यांचा दम. पुडा खाल्ला की चिमूटभर इकडे येतो. कोणाच्या पायाचा, कोणाच्या डोळ्याचा, कोणाच्या छातीचा."

राजानं आधी बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "तुम्ही दोघी एकत्र कशा? आक्का, हिनं तुला काय कबूल केलं?"

"अर्धी भाकरी. खाऊन आलेय, उभी आहे. कोठडीचा जिना न बसता चढले. तू चढून दाखव."

"सावध, महाराज," नाथ हळूच म्हणाला. "आज हातची भाकरी. उद्या वडिलांसारखं."

राजा डळमळला. तेवढ्यात पालखीतून बारीक आवाज आला.

"आबा, भाकरी मीच मागितली होती. आई नको म्हणत होती."

"का मागितलीस?"

"पुड्यानं पोट भरत नाही. आणि नाथबाबा पण पुडा खात नाहीत. मी एकदा माझ्यातला दिला, तर म्हणाले, बाळ, तूच खा."

राजानं चाखणाऱ्याला पारखलं होतं, आचाऱ्याला, दूधवाल्याला, बायकोला, वाऱ्याला. देणाऱ्याला कधी विचारलं नव्हतं.

"नाथ," राजा म्हणाला, "हा घ्या पुडा. खा."

"क्षमा, महाराज. मी पथ्यावर असतो."

"कधीपासून?"

नाथानं ओठ ओले केले. "पहिल्यापासून."

सारा दरबार त्याच्या तोंडाकडे बघू लागला. बघण्यात ते लोक तरबेजच होते.

नाथाची लाली किंचित उतरली. "मी कोणाच्या घशात कोंबलं नाही. चुली मी विझवल्या नाहीत. मुद्रा कोणाची आहे पुड्यावर? तुमची."

हे खरं होतं. राजाला ते लागलं. त्यानं बोटातली मुद्रा ओढली. बोट सुजलेलं, मुद्रा निघेना. राजवैद्यानं पुढे होऊन करवतीनं ती कापली. राजानं तुकडे कढईत टाकले. कढई तरीही पुडे टाकत राहिली, बिनमुद्रेचे, गरम, वासाचे. सगळ्यांनी हात आवरले असं सांगितलं तर ते खोटं होईल. पुष्कळांचे हात पुढे झाले. राजाचाही झाला. मग शेवंतेनं आईचा हात चाचपून धरलेला त्याला दिसला आणि त्यानं आपला हात मागे घेतला. ते बघून प्रधानानं घेतला, शिपायांनी घेतला, मग दाराशी उभ्या लोकांनी.

ज्योत खायला काही मिळेना म्हणून इकडेतिकडे वळवळली. इतरांच्या दमावर जगलेला एकच माणूस जवळ होता. ती त्याच्याकडे वळली. रसाळनाथाचे गाल बसले, दात गळले, पाठ वाकली, आणि अंगरखा रिकामा होऊन फरशीवर पडला. कढई तडकली. आतून थंड वारा सुटला, दरबारातून, पेठेतून, गल्ल्यांतून गेला, आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेल्या पोरींनी खोल श्वास घेतला.

कढईची जादू सुटली. पण गेलेलं सारं परत आलं असं नाही. ज्यांचे डोळे पुरते गेले होते ते गेलेच. मसणात पोचलेले परतले नाहीत. शेतं नांगरायला दोन पावसाळे लागले, आणि बऱ्याच घरांत माणसं महिनाभर रुसून, ओरडून, भांडी आपटून पुडे मागत राहिली. वेताळाचा निखारा घरोघर फिरला. शेजारणीनं वाटी दिली की लोक आधी दचकत, मग खात. राजा संशयी होता तो संशयीच राहिला. फक्त आता कोणी काही देऊ केलं की तो पहिल्यांदा विचारी, तुम्ही हे घरी खाता का? लेकरांना चारता का?

शेवंतेची दोन बोटं गेली, पाय राहिला. राजवैद्य रोज पट्टी सोडून बघे. काळ्या कडेला एके दिवशी गुलाबी मांस दिसलं, तेव्हा त्यानं करवत गुंडाळून घरी नेली. पुढे ती काठी घेऊन अंगणात फिरू लागली, मग काठीवाचून. एकदा फेऱ्या मारून आली ती पोट धरून, घाबरलेली.

"आत्या, पोटात टोचतंय. मला कोणी काही घातलं का?"

म्हाळसाआक्का तोंड फिरवून हसली. निंबावतीनं भाकरी मोडून ताटात ठेवली, वर पालेभाजी वाढली. पोरीनं मोठा घास कोंबला.

"आई, हे घशाला लागतंय."

"चाव मग. नीट चाव."

तिनं चावलं.

तिला जशी भूक परत भेटली, तशी ती तुमच्या-आमच्या पोरांना भेटो. कहाणी सरली. पानं मांडा.